दोन कावळे आणि माझ्या मरणाची बातमी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली तेव्हा प्राणिशास्त्राच्या सरांनी आम्हाला सुट्टीचं काम दिलं. घराजवळचा कुठलाही एक प्राणी किंवा पक्षी निवडायचा, सुट्टीभर रोज ठरलेल्या वेळी त्याच्याकडे बघायचं आणि वहीत लिहायचं. "तुम्हाला वाटतं ते लिहू नका, दिसतं ते लिहा," एवढंच ते म्हणाले. वही जूनमध्ये, तिसऱ्या वर्षाला गेल्यावर दाखवायची होती. मैत्रिणींपैकी एकीने मांजर घेतलं, एकीने भिंतीवरची पाल घेतली. मी कावळे घेतले, कारण आमच्या गॅलरीसमोर दुसरं काही नव्हतंच.

ऐंशी सालानंतरची ती वर्षं. भिवंडीत आमची खोली चाळीच्या पहिल्या मजल्यावर होती. चाळीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड, आणि चाळ नि शेड यांच्या मधल्या अंगणात एक बदामाचं झाड. चाळ, शेड, झाड, सगळं एकाच जुन्या कोकणी मुसलमान घराचं. त्या घरातल्या, खाली अंगणाला लागूनच राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना आम्ही सगळे चाची म्हणायचो. माझे बाबा त्यांच्याच शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. दिवसभर लूमचा खडखडाट असा चालायचा की घरात आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो आणि पाहुण्यांना वाटायचं, भांडण चाललंय. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी मात्र झाडावरचा कावळा घशातल्या घशात काय पुटपुटतो तेही ऐकू यायचं. कावळा काव काव सोडून असा हळू, गुरगुरल्यासारखा बोलतो, हे मला त्या उन्हाळ्यातच कळलं.

पण मी तिसऱ्या वर्षाला जाणार की नाही हेच अजून ठरलेलं नव्हतं. माझा मामा दिघाशीला शेती करायचा. आईचा धाकटा, एकुलता एक भाऊ. दर वर्षी नवीन तांदूळ आला की पहिली गोण आमच्याकडे यायची. बाबा एकदा चार महिने आजारी होते, तेव्हा मामाच आमच्यासाठी धावला होता. त्यामुळे त्याच्या शब्दाला आमच्या घरात वजन होतं. त्याने माझ्यासाठी वडप्याचा एक मुलगा बघितला होता. घरचा ट्रक, हायवेला लागून जमीन. मामाचं म्हणणं सरळ होतं.

"चौदावी झाली, बस झाली. पंधरावी शिकल्याली पोर घेऊन कोन बसलाय? आपल्यात तेवढा शिकल्याला नवरा तरी गावायला पायजे का न्हाय? दाजी, जूनच्या आत उरकून टाका."

बाबा 'बघू' म्हणाले होते. बाबांचं 'बघू' म्हणजे नकार नसतो, हे मला ठाऊक होतं. मी वही सुरू केली ती या अवस्थेत. ही वही पूर्ण झाली तर माझी शिकायची इच्छा निदान कागदावर दिसेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

कॉलेजात सगळं इंग्रजीतून, आणि मी मराठी शाळेतली. म्हणून जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून मी एक कच्ची वही केली. तिच्यात मराठीत लिहायचं आणि दुपारी शब्दकोश घेऊन पक्क्या वहीत उतरवायचं.

पहिले आठ दिवस मला दोन्ही कावळे सारखेच दिसले. मग एकाच्या शेपटीतलं एक पीस तिरकं आहे हे लक्षात आलं आणि तिथून काम सोपं झालं. तिरक्या पिसाचा कावळा धीट होता. आमच्या गॅलरीच्या कठड्यावर हाताच्या अंतरावर येऊन बसायचा. पाव टाकला की लगेच खायचा नाही. तो चोचीत धरून चाचीच्या कोंबड्यांच्या पाण्याच्या थाळीत बुडवायचा, मऊ करायचा आणि मग खायचा. पाणी कोंबड्यांचं आहे याचं त्याला काही नव्हतं. कोंबड्याच बाजूला व्हायच्या. नवीन वस्तू दिसली की आधी तोच खाली उतरणार. एकदा बाबांनी रॉकेलने धुऊन वाळत ठेवलेला पाना त्याने दोन हात ओढत नेला, जमला नाही म्हणून त्याच्यावर उभा राहून ओरडला.

दुसरा कावळा विचार करणारा होता. पाव टाकला तर आधी विजेच्या खांबावरून बघायचा, मग पत्र्यावर, मग झाडावर, मग पुन्हा खांबावर. तोवर पाव पहिल्याने नेलेला असायचा. पण याची एक गोष्ट मला फार आवडायची. जे काही मिळेल त्यातलं तो अर्धं लपवून ठेवायचा. शेडच्या छपरावर पत्र्याच्या वळीत पावाचा तुकडा खोचायचा आणि त्यावर लूमच्या सुताचा गुंता आणून झाकायचा. चार पावलं लांब जाऊन वळून बघायचा, पसंत पडलं नाही तर परत येऊन सूत नीट करायचा.

मी वहीत धीटाला 'नर' लिहिलं आणि सावधाला 'मादी'. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. नर-मादी दिसायला सारखेच असतात हे पुस्तकात स्पष्ट होतं. तरी मी लिहिलं, आणि पंधरा पानं तसंच लिहीत गेले. पुढे येतो तो नर, मागे राहते ती मादी. मला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही.

आई चौथी शिकलेली. भाकऱ्या थापताना दारातून तिला झाड दिसायचं. एक दिवस मी मोठ्याने वाचत होते तेव्हा ती म्हणाली, "तो नर कुठला? ती बाई आहे."

"कशावरून?"

"घर कोण बघतंय? तारा ती आणते. त्याने आणलेली काडी तिला पसंत पडत नाही, ती खाली टाकते. परवा तीनदा टाकली. तुझ्या बाबांनी आणलेली भाजी मी निवडते, तसं चाललंय."

खरंच घरटं बांधणं चाललं होतं. आमच्याकडच्या कावळ्यांची घरटी अर्धी लोखंडाची असायची. शेडबाहेर टाकलेल्या बारीक तारा, तुटलेल्या वयीचे, म्हणजे लूमवर ताण्याचे धागे उचलणाऱ्या तारांच्या चौकटीचे तुकडे, आणि आत सुताची गादी. मी आईचं बोलणं हसण्यावारी नेलं. मी बी.एस्सी.ची आणि ती चौथीची, असं मी मनात म्हटलं नाही, पण वागले तशीच.

मग एप्रिलच्या शेवटी एका मंगळवारी सकाळी मी बघत असताना दोघं बदामाच्या आडव्या फांदीवर जवळजवळ बसले. तिरक्या पिसाचा कावळा खाली दबला, त्याने पंख थरथरवले, शेपूट हलवली आणि दुसरा, तो खांबावर बसून विचार करणारा, त्याच्या पाठीवर चढला. दोनचार क्षणांचं काम. झालं आणि तो उडून पुन्हा खांबावर जाऊन बसला. म्हणजे धीट होती ती मादी. पंधरा पानं चूक होती आणि आईचं बरोबर होतं.

मला इतका आनंद झाला की मी पळतच आत गेले. "आई, तुझंच खरं! तीच मादी! मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं!"

"काय पाहिलंस?"

काय पाहिलं ते आईला सांगायची लाज वाटली, तेव्हा मी वहीची पानं चाळू लागले. तिला कळलं. तिच्या हातातली भाकरी तव्यावर नीट पडली नाही, दुमडली. आमच्याकडे भाकरी कधी दुमडायची नाही.

"कावळ्यांना एकत्र पाहिलंस? तू? पुरतं?"

आमच्या बाजूला जुन्या माणसांचा पक्का समज होता की कावळ्यांना तसं जो बघतो तो सहा महिन्यांत जातो. त्यावर उपाय एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी सख्ख्या नातेवाइकांना धाडायची. बातमी ऐकून कुणीतरी खरोखर रडलं, की मरण चुकलं. रडणाऱ्याला आधी ठाऊक असता कामा नये, नाहीतर रडणं खोटं आणि उपायही खोटा.

आईने मला अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायला लावली. दोन्ही वह्या उचलून तांदळाच्या डब्यावरच्या, माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवल्या. "संपलं तुझं कावळ्यांचं," म्हणाली.

दोन दिवस आमची भांडणं झाली, आणि या वेळी पाहुण्यांनी भांडण म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं. मी म्हटलं, "आई, सरांनी सांगितलंय बघायला. जगात एवढे लोक पक्षी बघतात, ते काय सगळे मरतात?"

"ते माझ्या पोटचे नाहीत," ती म्हणाली. मग हळू आवाजात सांगितलं, "तुझा मामा दहा वर्षांचा असताना त्याने पाहिलं होतं. माझ्या आईने लगेच वडप्याला आत्याकडे निरोप धाडला. आत्या अनवाणी आली, रडत. म्हणून तुझा मामा आज आहे. तुझ्या पुस्तकात असेल नसेल, मला काय."

बाबा शिफ्टवरून आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि तोंड धुवायच्या निमित्ताने हसू लपवलं. "अगं, लूमचा पट्टा तुटला म्हणून कुणी गावाला तार करतं का?" म्हणाले. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी टॉवेल खूप वेळ तोंडावर ठेवला.

दिघाशीचा एक दूधवाला रोज सकाळी सायकलवर भिवंडीत यायचा. गुरुवारी आईने त्याच्याकडून नेहमीपेक्षा जास्त वेळ दूध घेतलं, एवढंच मी पाहिलं. गुरुवारी संध्याकाळी तिने वह्या खाली काढून दिल्या. मला वाटलं, माझं म्हणणं तिला पटलं.

शुक्रवारी लूम बंद होते. सकाळी मी गॅलरीत बसून 'नर' खोडून 'मादी' आणि 'मादी' खोडून 'नर' करत होते. गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. कुणाकडे तरी काही झालंय, असं समजून मी उभी राहिले. आवाज आमच्याच अंगणात आला. पुढे मामी, पदर तोंडावर. मागे मामा, डोक्यावर टोपी नाही, एका पायात चप्पल. तो जिन्यापर्यंत पोचलाच नाही. चाचीच्या ओट्यावर मटकन बसला आणि कपाळावर हात मारू लागला.

"माजी बाय गेली गं! शिकीन शिकीन बोलत व्हती, मीच आडवा आलो! मीच बोललो, पंधरावी नको! शिकली असती तर काय माज्या शेतातला भात कमी व्हनार व्हता? देवा, एकदा उठव तिला, मी सोता कालेजात नेऊन बसवतो!"

चाची दारात उभ्या. त्यांना काहीच कळेना. मला मात्र त्यांनी वर उभी बघितली होती. त्या मामाला म्हणाल्या, "अरे भावा, कोण गेली? कोणाबद्दल बोलतोस?"

मी वरून ओरडले, "मामा! काय झालं? कोण गेलं?"

मामीने वर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की चाचीच्या कोंबड्या शेडखाली पळाल्या. "आवं, ही तर जिती हाय! वही घेऊन उबी हाय!"

तेवढ्यात आई तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ घेऊन जिना उतरली. म्हणजे ती तयारीतच बसली होती; दूधवाल्याला तिने शुक्रवारी पहाटे निघताना मामाच्या दारात बातमी द्यायला सांगितलं होतं. सरळ भावासमोर गेली, त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बघितलं.

"रडलास ना? डोळ्यांतनं पाणी आलं ना खरं?"

मामा तिच्याकडे बघत राहिला. "ताय... कावलं?"

"कावळे," आई म्हणाली. "पोरीने पाहिले. घे, पाणी पी."

मला वाटलं, आता हा आईवर हात तरी उगारेल नाहीतर आल्या पावली निघून जाईल. मामाने गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्यायला, आणि मग आधी हसला की आधी रडला ते मला आजही सांगता येणार नाही. "माज्यापायी आत्या अशीच आल्ती," म्हणाला. "मना ठाव हाय सगलं, तरी फसलो! वाटेत एकदासुदीक डोक्यात न्हाय आलं."

मामी मात्र चिडली होती. "वन्स, एक गोड बातमी कदी धाडाल का न्हाय? भात चुलीवर ठेवून आलो आमी. करपून कोलसा जाला आसल."

मी खाली गेले. मामाने माझा हात हातात घेतला, मनगट दाबून बघितलं, जणू नाडी लागते का ते बघतोय. मला गंमत वाटायची थांबली. तो पहाटेपासून मी मेले असं समजून चालत आला होता. ते काही खोटं नव्हतं, खोटी फक्त बातमी होती. मी त्याच्या पायांना हात लावला आणि मलाही रडू आलं. ते बघून आई म्हणाली, "तू नको रडू, तुझं मोजत नाहीत." सगळेच हसले.

दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी विषय काढला. बाबा असे बोलतील असं मला वाटलं नव्हतं. "मग, वडप्याला काय कळवायचं?"

मामा सुपारी कातरत होता.

"दाजी, मेल्यावर जो शबुद दिला तो जित्यापनी फिरवू कसा? चालीतल्या येवढ्या मानसांनी ऐकला. देवाला बोललो मी, उठव तिला, मी कालेजात नेऊन बसवतो. त्याने उठवली." मग माझ्याकडे बघून दटावल्यासारखं म्हणाला, "पन पास व्हायचा. न्हायतर मी रडल्याला वाया जायल."

वडप्याच्या मंडळींना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

त्या सकाळचं पान माझ्या कच्च्या वहीत आहे. मामा आला तेव्हा कावळ्यांनी काय केलं ते मी संध्याकाळी आठवून लिहिलं, कारण काम अर्धवट सोडायचं नव्हतं. रडणं सुरू होताच नर खांबावर गेला, तिथून पलीकडच्या शेडच्या छपरावर गेला आणि माणसं वर जेवायला बसेपर्यंत परतला नाही. मादी घरट्यातून उठली, पाण्याच्या पाइपवर येऊन बसली, मान वाकडी करून मामाकडे पाहिलं. सगळे वर गेल्यावर ती ओट्यावर उतरली, आईच्या वाटीतला उरलेला गूळ तपासला, आवडला नाही, आणि मामाची राहिलेली एक चप्पल उलटी करून परत गेली.

मे महिनाभर मी बघितलं. अंडी उबवायला मादी बसली आणि माझा सावध नर बदलला की काय असं मला वाटलं. तो बदलला नव्हता. लपवून ठेवायची सवय आता कामाला आली. पत्र्याच्या वळीतले तुकडे काढून तो तिला भरवायचा. पण नेतानाही सरळ जायचा नाही. खांब, पत्रा, झाडाची मागची फांदी, असा वळसा घालून जायचा, म्हणजे घरटं कुठे आहे ते कुणाला कळू नये. ती मात्र घरट्यातून मोठ्याने ओरडून सगळ्या गल्लीला सांगायची. आई दारातून बघून म्हणायची, "तो बिचारा लपतछपत आणतोय आणि ही बघ." आता आई उघड बघायची. तिच्या मते माझं मरण एकदा चुकवलं होतं, तेव्हा आता काहीही बघायला हरकत नव्हती. माझ्या वहीतली निम्मी निरीक्षणं तिची आहेत. सकाळी मी आंघोळीला गेले की ती बघून ठेवायची आणि आल्यावर सांगायची.

जूनमध्ये मामा दिघाशीहून पहिल्या एस.टी.ने आला आणि माझ्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत आला. आत आला नाही. "शबुद पालला. आता आत जाऊन बसायचा काम तुजा," म्हणाला.

पक्की वही मी सरांना दिली. पहिल्या पंधरा पानांवर खाडाखोड होती, आणि मी विचारलं की ती पानं नव्याने लिहून देऊ का. सर म्हणाले, "नको. हीच ठेव." मग विचारलं, "बदल कशावरून केलास?" मी म्हटलं, "पाहिलं, सर." त्यापूर्वी आईने सांगितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते मला आजही लागतं, म्हणून इथे लिहिते. तिने माझ्या आधी पाहिलं होतं.

मी पास झाले. आमच्या दोन्हीकडच्या घरांतली पहिली पदवी. नंतर बी.एड. केलं आणि भिवंडीतच शाळेत शिकवू लागले. त्या दिवशी मामाच्या तोंडून ते निघालं नसतं, तर यातलं काही झालं असतं की नाही, कोण जाणे. बाबांचं 'बघू', आईची भीती, मामाचं रडणं, या सगळ्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि त्या तिरक्या पिसाच्या बाईचंही.

नव्वद सालानंतर काही वर्षांनी मामा मामीसोबत त्याच्या धाकट्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. दहावी चांगल्या मार्कांनी झाली होती, आणि अकरावीपासून ती आमच्याकडे राहून शिकणार होती. त्याने स्वतःहून ठरवलं होतं, आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. बदामाच्या झाडावर तोवर दुसरी जोडी होती. पोरगी सामान ठेवून लगेच गॅलरीत गेली, कारण गोष्ट तिने लहानपणापासून ऐकली होती. "यातला धीट कोणता, ताई?" मला विचारलं. मी म्हटलं, "आठ दिवस बघ, मग तूच सांग."

आतून मामीचा आवाज आला. "बग, पन जास्त न्हाय गो! मना तो चुलीवरचा भात सोडून परत पलाया लावू नको."